साताऱ्या-सांगलीत लोकसंगीत ऐकायचंय? आधी पंचांग उघडा

नोकरीच्या बदलीने किंवा शिक्षणासाठी साताऱ्या-सांगलीत आलेली मंडळी हमखास विचारतात, "इथे लोकसंगीताचे चांगले कार्यक्रम कुठे होतात?" मग ती शाहू कला मंदिराच्या किंवा विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या तारखा बघत बसतात, महिनाभर काही सापडत नाही आणि इथली परंपरा संपली अशी समजूत करून घेतात. परंपरा जिवंत आहे. फक्त ती तिकीट काढून भेटत नाही, निमित्ताने भेटते. लग्न झालं की जागरण-गोंधळ, एकादशी आली की भजन, देवाची यात्रा आली की ढोल आणि ओव्या. इथलं जवळजवळ प्रत्येक गाणं कुठल्या तरी देवाशी, दिवसाशी किंवा कामाशी बांधलेलं आहे. ते निमित्त गाठलं की गाणं आपोआप गाठलं जातं. पुढे लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने.

पहिलं काम: भिंतीवर कालनिर्णय टांगा

मोबाइलमधलं इंग्रजी कॅलेंडर इथे उपयोगाचं नाही, तिथी लागते. एक जाडजूड पेन घ्या आणि खुणा करत चला.

पौषात, म्हणजे साधारण जानेवारीत, कराड तालुक्यातल्या पालला तारळी नदीच्या काठी खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. वाघ्या-मुरळीचं गाणं मुळातून ऐकायचं तर पाल. त्याआधी, डिसेंबरच्या सुमारास, जतला यल्लमा देवीची यात्रा भरते. तिथे चौंडकं, म्हणजे देवीच्या गाण्यांना साथ करणारं तारेचं वाद्य, ऐकायला मिळतं, आणि जत सीमेवरचा तालुका असल्यामुळे मराठीच्या बरोबरीने कन्नड गाणीही कानावर पडतात. चैत्रात माण तालुक्यातलं शिखर शिंगणापूर. सासवडहून येणारी कावड मुंगी घाटातून वर चढवतात तेव्हा खाली वाजणाऱ्या वाद्यांचा आवाज डोंगराला लागून परत येतो. चैत्रातच आटपाडी तालुक्यात खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा असते. कवठेमहांकाळजवळच्या आरेवाडीला बिरोबाच्या बनात धनगर समाज मोठ्या संख्येने जमतो तोही याच सुमारास.

आषाढ लागायच्या बेताला ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे तिचे मुक्काम. लोणंद-तरडगावच्या मधे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. सगळे ते बघायला धावतात. तुम्ही तेही बघा, पण संध्याकाळी पालखीतळाच्या कडेच्या राहुट्यांतून फिरा. एका राहुटीत भारूड, दुसरीत गवळण, तिसरीत नुसता टाळ-मृदंग. महाराष्ट्रभरातल्या गावांच्या चाली एका मैदानात ऐकायची ही फुकटातली सोय वर्षातून एकदाच मिळते.

श्रावणात बायकांची गाणी. नागपंचमीला बत्तीस शिराळ्याची गर्दी नागांच्या निमित्ताने होते, पण त्या दिवसांत वाळवा-शिराळा पट्ट्यात कुठल्याही गावात संध्याकाळी फेर धरलेला दिसतो. गौरीला झिम्मा-फुगडी, आश्विनात हादगा. पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात तो आपल्याकडे हादगाच. नवरात्रात गोंधळी आणि देवीची गाणी म्हणणारे आराधी.

एक सावधगिरी. पहिल्याच वर्षी मोठ्या यात्रेच्या मुख्य दिवशी घुसू नका. वाई तालुक्यात मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त भाविकांचा जीव गेला, हे या भागात कोणी विसरलेलं नाही. आदल्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी जा. गर्दी कमी असते, वाजवणाऱ्यांना उसंत असते आणि गाणं नीट ऐकू येतं.

दुसरं: वाद्यावरून माणसं ओळखायला शिका

चाल, राग, ठेका यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. कुठलं वाद्य वाजतंय एवढं ओळखता आलं की समोर काय चाललंय ते निम्मं कळतं. संबळ दिसला की गोंधळ. दिमडी, खंजिरी आणि घोळ (हातातली घंटा) म्हणजे वाघ्या-मुरळीचं जागरण. डफ आणि तुणतुणं म्हणजे शाहीर. ढोलकी पुढे सरसावून उभी असेल तर तमाशा. मोठा ढोल आणि कैताळ, म्हणजे मोठ्या झांजा, दिसल्या की धनगर. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या घेऊन पहाटे दारात आलेला वासुदेव तर लहान पोरंही ओळखतात.

तुणतुण्याकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत. एकच तार, एकच सूर, त्यात काय ऐकायचं, असं वाटतं. पण शाहीर वरच्या पट्टीत चढतो, उतरतो, मधेच बोलायला लागतो आणि पुन्हा गाण्यावर येतो, तेव्हा त्याला धरून ठेवणारा सूर तोच असतो. मागे उभे राहून धृपद उचलणाऱ्या झीलकऱ्याच्या हातात तुणतुणं असतं. एखादा पोवाडा नुसता झीलकऱ्याकडे बघत ऐका. मुख्य गायकाने कुठे श्वास घेतला, कुठे शब्द विसरला आणि झीलकऱ्याने तो कसा सावरला, हे सगळं तिथे दिसतं.

संबळ जवळून बघायला मिळाला तर सोडू नका. दोन वाद्यं एकमेकांना बांधून कमरेला अडकवलेली, एक लहान आणि एक मोठं. लहान कडक बोलतं, मोठं घुमतं. दोन काड्यांपैकी एकीचं टोक वळलेलं असतं. गोंधळी बोलता बोलता नुसत्या मनगटाने ठेका चालू ठेवतो आणि आख्यानात युद्धाचा प्रसंग आला की तोच ठेका दुप्पट करतो.

तिसरं: पहिली बैठक जवळच्या देवळात

पहिल्याच रात्री तमाशाच्या तंबूत किंवा डोंगरावरच्या यात्रेत जायची गरज नाही. तुम्ही राहता तिथून चालत जाता येईल असं विठ्ठलाचं किंवा मारुतीचं देऊळ शोधा आणि एकादशीच्या रात्री साडेआठ-नऊला जाऊन बसा. भजनी मंडळ असतंच. सतरंजीच्या कडेला बसा, चपला बाहेर, मोबाइल खिशात. अर्ध्या तासात कोणीतरी तुमच्यापुढे टाळ सरकवेल. सरकवला तर घ्या. चुकलं तर कोणी काही म्हणत नाही, शेजारचा हात बघून धरायचं.

याच मंडळींकडून सोंगी भजनाचा पत्ता लागतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ही फार रंगतदार गोष्ट आहे. भजन म्हणायचं, पण सोंगं आणून. कृष्ण, पेंद्या, गवळणी, मधेच गावातला सावकार नाहीतर दारुडा. गावोगाव त्याच्या स्पर्धा लागतात, रात्रभर संघामागून संघ येतात. लहान मुलं घेऊन जायला मला याहून चांगलं ठिकाण माहीत नाही.

जागरण-गोंधळाला बोलावणं कसं मिळवायचं

बोलावणं लागत नाही, ओळख लागते. इथे लग्नानंतर कुळाचारानुसार अनेक घरांत जागरण किंवा गोंधळ घालतात. ऑफिसातल्या, कॉलेजातल्या, भाजीवाल्याच्या घरी लग्न झालं की सरळ विचारा, "गोंधळ कधी आहे? मला बघायला यायचंय." लोकांना आनंदच होतो. जेवायलाच बोलावतात.

जेवणं उरकली की मांडणी होते. चौक भरतात, घट बसतो, उसाच्या किंवा ज्वारीच्या ताटांची मखर उभी राहते, दिवटी पेटते. मग गावोगावच्या देवांना नाव घेऊन गोंधळाला बोलावतात. हा भाग नवख्याला लांबलचक वाटतो. इथे कंटाळून उठू नका. या नावांच्या यादीत त्या घराचा सगळा भूगोल असतो. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, वाटेतले देव कुठले, ते सगळं त्यात येतं. त्यानंतर आख्यान लागतं, आणि एक गोंधळी कथा सांगत असताना दुसरा त्याला भाबडे प्रश्न विचारून हसवत राहतो. जागरणात खंडोबाची गाणी, तळी उचलणं, "येळकोट येळकोट जय मल्हार"चा गजर आणि पहाटेकडे लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडणं. भंडारा अंगावर उधळला जातो, तेव्हा पांढरा शर्ट घालून जाऊ नका.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम असल्यामुळे शहरातले गोंधळ आता बरेच आटोपशीर झालेत. मला विचाराल तर खेडेगावातला, माइकशिवायचा गोंधळ शोधा. संबळ आणि माणसाचा गळा यांच्यात यंत्र नसलं की आवाजाचा पोतच वेगळा लागतो, आणि मग पहाटेपर्यंत बसायलाही कोणाची आडकाठी नसते.

धनगरी ओवीला घाई चालत नाही

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा कमी पावसाचा मेंढपाळांचा पट्टा. इथल्या गजीनृत्यात मधे ढोल आणि कैताळ, भोवती हातात रुमाल घेतलेली माणसं, आणि एकाच वेळी वळणारी पावलं. शहरातल्या मिरवणुकीत दहा मिनिटांत जे दाखवतात ते त्याचं टोक आहे. खरी मजा ढोल थांबल्यावर. माणसं खाली बसतात, एक जण कानावर हात ठेवून सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडतो आणि बिरोबाची कथा सुरू होते. थोडं गातात, मग तेच गद्यात सांगतात, पुन्हा गातात. सोबतीचे झील धरतात. एक कथा रात्रभर चालू शकते.

हायडेलबर्ग विद्यापीठातले जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर या ओव्यांच्या मागे आयुष्यभर फिरले. मेंढपाळांच्या वाड्यांवर मुक्काम करून त्यांनी त्या ध्वनिमुद्रित केल्या, मराठीत बोलले, मराठीत लिहिलं. नवख्याला एवढं करायचं नाही. पण ओवी ऐकायला जाताना घोंगडी किंवा चादर, पाण्याची बाटली आणि दुसऱ्या दिवसाची रजा एवढं जवळ ठेवा. शेवटची एसटी गेलेली असते. भाषा पहिल्यांदा निम्मीच कळेल. शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच विचारा, "आता काय झालं, मामा?" तो गाण्यापेक्षा चांगली गोष्ट सांगतो.

शाहिरी आणि तमाशा: ही तर घरचीच गोष्ट

१९४९ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते, आणि १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. लावणी आणि शाहिरीच्या इतिहासातली मोठी नावं याच मातीतली. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष. कुलकर्णीपण सोडून ते फडात उतरले आणि नर्तकी पवळाबरोबर त्यांनी तमाशा गाजवला. अण्णा भाऊ साठे १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात जन्मले, तोही वाळवा तालुकाच. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. सांगलीजवळच्या कवलापूरने काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी दिली, त्यांच्या विनोदावर तीन जिल्हे लोटपोट व्हायचे.

आज तमाशा बघायचा तर चैत्र-वैशाखातल्या गावजत्रा गाठा. क्रम माहीत असला की रस टिकतो: आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि रंगबाजी, शेवटी वग, म्हणजे नाट्य. बरेच जण रंगबाजी झाली की उठतात. वगासाठी थांबा, कारण अभिनय, हजरजबाबीपणा आणि गावच्या राजकारणाला मारलेले टोमणे सगळे तिथे असतात. बायकांनी जायला काहीच हरकत नाही, पण पहिल्या वेळी गावातल्या ओळखीच्या कुटुंबाबरोबर गेलं तर बसायची जागा चांगली मिळते.

भेदिक शाहिरीचा सामना कानावर आला तर बाकीची कामं बाजूला ठेवा. तुरेवाले शिवाची बाजू घेतात, कलगीवाले शक्तीची, आणि डफावर रात्रभर सवाल-जवाब चालतात. पुराणातलं कोडं घातलं जातं, समोरच्याला ते गाण्यातच सोडवावं लागतं. श्रोते म्हातारे होत चाललेत. तरुण चेहरा दिसला की शाहिरांना हुरूप येतो, हे मी स्वतः बघितलंय.

आणि एकाच दिवसात अनेक वाद्यं ऐकायची असतील तर शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव. त्यात लोकवाद्यवृंद हा स्पर्धाप्रकार असतो. पंचविशीच्या आतली पोरं-पोरी संबळ, हलगी, ढोलकी, चौंडकं, सनई एका मंचावर वाजवतात. जिल्हापातळीच्या फेऱ्या साताऱ्या-सांगलीतल्या कॉलेजांतच होतात. पुढे कोणाला ऐकायचं, ती नावं तिथूनच मिळतात.

बातमी कुठून काढायची

इंटरनेटवर फारसं मिळणार नाही. चौकातले फ्लेक्स वाचा, यात्रा कमिटीच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत रात्रीचा कार्यक्रम लिहिलेला असतो. मंडपवाला आणि साउंडवाला या दोघांशी ओळख करून घ्या. तालुक्यात कुठे काय वाजणार आहे ते त्यांना महिनाभर आधी ठाऊक असतं. देवळाचा पुजारी आणि मुक्कामी एसटीचा कंडक्टरही बरंच सांगतात. घरी असाल तेव्हा आकाशवाणी सांगली लावा. जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या तर मात्र इंटरनेटच कामाला येतं: हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या लाखभर ओव्यांचा संग्रह 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर येत असतो. जातं थांबलं, पण त्या आवाजांतल्या कितीतरी बायका आपल्या आज्यांच्या वयाच्या आहेत.

वागायचं कसं

इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण याच ठिकाणी शहरातून आलेले चांगले लोक चुकतात.

हलगी घ्या. लोखंडी कड्यावर ताणलेलं कातडं, एका हातात बारीक लवचीक काडी, दुसऱ्यात जाडसर टिपरी. वाजवण्याआधी पाचट किंवा कागद पेटवून त्यावर कातडं शेकतात. बोट मारून बघतात, पुन्हा शेकतात, कडक टणत्कार येईपर्यंत. त्या आवाजाने अंगात येतं हे खरं. पण पिढ्यान्‌पिढ्या हलगी हे गावाने एका जातीवर लादलेलं काम होतं. लग्नातही वाजवायची, मयतातही, आणि मोबदल्यात बलुतं. बाबासाहेबांच्या विचाराने कित्येक घरांनी ती स्वाभिमानाने खुंटीवरून उतरवून टाकली. त्यामुळे एखाद्याच्या आडनावावरून किंवा वस्तीवरून "तुम्ही वाजवता का हो?" असं कधीही विचारू नका. जे आज आवडीने किंवा व्यवसाय म्हणून वाजवतात ते पथकाच्या नावाने ओळखले जातात, त्यांना त्या नावाने भेटा.

मुरळी आणि जोगतिणीच्या बाबतीतही तेच. देवाला मुली वाहण्यावर या भागात १९३४ च्या कायद्यापासून बंदी आहे. आज जागरणात गाणाऱ्या बहुतेक जणी कलावंत म्हणून उभ्या असतात. त्यांना खासगी आयुष्याचे प्रश्न विचारायचे नाहीत. ताई, मावशी, अक्का म्हणा. पुरुष मंडळींना तात्या, अण्णा, मामा. भजनातल्या मुख्याला बुवा, आणि शाहिराला शाहीर म्हणूनच हाक मारायची, त्याहून मोठा मान नाही.

मोबाइल काढण्याआधी विचारा. एखादं कडवं टिपायला कोणी नाही म्हणत नाही, पण अख्खा वग चित्रित करून टाकला तर पुढच्या गावची सुपारी जाते. पैसे द्यायचे तर नोटा नाचवू नका. गोंधळात तबकात ओवाळणी टाका, तमाशात फडाच्या मालकाकडे द्या, भजनात देवापुढे.

स्वतःच्या घरी बोलवायचं झालं तर

घरभरणी असो, वाढदिवस असो, सोसायटीचा गणपती असो, बँजोऐवजी एकदा शाहीर किंवा गोंधळी बोलवा. फोनवर भाव करू नका, समक्ष जा. किती माणसं येणार, कुठून येणार, गाडीभाडं सुपारीतच की वेगळं, माइक कोणाचा, जेवण किती वाजता, हे बोलून घ्या आणि इसार जागेवर द्या. गाणाऱ्यांना जेवण कार्यक्रमाच्या आधी हलकं आणि नंतर पोटभर लागतं. संपल्यावर टोपी, टॉवेल, नारळ देऊन सत्कार करायची इथली रीत आहे. तो सगळ्यांचाच करा, झीलकऱ्याचा सुद्धा.

वाजवायला शिकावंसं वाटलं तर राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची शाहिरी आणि तमाशाची प्रशिक्षण शिबिरं अधूनमधून निघतात, जाहिरातीवर लक्ष ठेवा. मिरजेला एक चक्कर माराच. सतार-तंबोऱ्यासाठी ते गाव देशभर माहीत आहे, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या गल्लीत भोपळे कोरताना, तारा जुळवताना बघितलं की सुराकडे बघायची नजर बदलते. पण पहिली खरेदी सतारीची नको, टाळाची करा. दुकानात दोन-तीन जोड्या मागून घ्या, दोऱ्या सैल धरा, काठ काठाला हलकेच लावा आणि नाद मोजा. ज्या जोडीचा नाद सर्वांत लांब टिकतो आणि शेवटी चिरकत नाही, ती घ्या.